ताग्यावरचे देव

श्रावण अर्धा झाला की आमच्या भागात कागदाला ओल येते. वहीचं पान हाताला दमट लागतं, पोस्टकार्ड आपोआप वाकतं, टाक टेकवावा तर शाई पसरून अक्षरांना पाय फुटतात. पाऊस पडतो, उघडतो, ऊन येतं, पुन्हा पडतो. त्याचं कौतुक करणारे लोक बहुतेक घाटावर राहतात. आम्ही खाडीकाठची माणसं या दिवसांत भिंतीला पाठ लावत नाही आणि पेटीतली कुठलीही वस्तू हुंगल्याशिवाय वापरायला काढत नाही.

म्हसळ्याच्या मुलींच्या शाळेत मी शिकवते. यंदा वरून हुकूम आला की प्रत्येक मुलीनं एक चिकटवही करायची. चित्रं जमवायची, कापायची, नीट लावायची. हुकूम काढणाऱ्या साहेबांचं घर कोरड्या हवेच्या गावी असणार, नाहीतर त्यांनी हे काम दिवाळीनंतर सांगितलं असतं. मुलींनी आगपेट्यांवरची चित्रं आणली, साबणाच्या वेष्टणावरच्या बाया आणल्या, पतंगाचा कागद आणला, चहाच्या पुड्यातली चांदी आणली. थोड्याच दिवसांत निम्म्या वह्यांना बुरशी आली. एक मुलगी रडत माझ्याकडे आली. तिच्या मोराला कसर लागली होती. पिसारा शाबूत होता आणि मान गेली होती.

मी तिला कागद राखायचा कसा ते सांगायला बसले. खळ कशी करायची, तिच्यात मोरचूद किती घालायचा, डब्यात काय ठेवायचं, ऊन कुठलं दाखवायचं आणि कुठलं नाही. बोलता बोलता सगळा वर्ग गप्प झाल्याचं माझ्या लक्षात आलं. एकीनं विचारलं, बाई, तुम्हाला हे कुणी शिकवलं? आईनं, असं मी म्हटलं. मग त्या सगळ्या जणी आईची चिकटवही बघायला आणा म्हणून मागे लागल्या. मी फळा पुसायला उठले. फळा स्वच्छच होता.

आमचं गाव खाडीच्या तोंडाशी. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बंदराच्या रस्त्यावर कापडाचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर. माल मुंबईहून मचव्यानं यायचा. उन्हाळ्याच्या शेवटी शेवटचा मचवा लागला की दसऱ्यापर्यंत मालाला समुद्र बंद. त्यामुळे पावसाच्या तोंडावर आमच्या घरात माणसांपेक्षा कापड जास्त असायचं. मांजरपाट, मलमल, छीट, कोळणींच्या लुगड्यांचे जाड गठ्ठे. माडीवर कापड, जिन्याखाली कापड, पाहुण्यांच्या खोलीत कापड. नव्या मालाच्या खळीचा वास आमच्या आमटीलासुद्धा यायचा.

विलायती ताग्याच्या दर्शनी घडीवर एक रंगीत चित्र चिकटवलेलं असे. दुकानात त्याला तिकीट म्हणत. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाईकाला माल ओळखू यावा म्हणून ते असायचं. बायका हत्तीचा मांजरपाट मागायच्या, लक्ष्मीची मलमल मागायच्या. देवांची नावं घेऊन मागितलेलं हे कापड साहेबाच्या देशातून यायचं आणि देवही तिथेच छापलेले असायचे. तिकडच्या चिताऱ्यांनी आमचे देव कुणाच्या सांगण्यावरून काढले कोण जाणे. लक्ष्मीचे गाल मडमेचे होते. सरस्वतीचा हंस पाहून आई म्हणायची, हे बदक आहे, पण बदकात चांगलं आहे. एका कृष्णाला बारीक मिशी होती. रंग मात्र असे, की तसे रंग आमच्या गावात दुसऱ्या कशालाच नव्हते. सोनेरी कडेवरून बोट फिरवलं की बोट चमकायचं आणि मी दिवसभर ते धुवायची नाही.

तागा संपला की तिकीट आईचं, असं आमच्याकडे चालत आलं होतं. अण्णा शेवटचा वार मोजून देताना चित्राचा तुकडा कापून घ्यायचे आणि आत टाकायचे. घे तुझी इस्टेट, असं म्हणायचे. थट्टेनंच म्हणायचे, आणि आईलाही ती थट्टा चालायची. तिच्या अंगावरचे दागिने सासूबाईंनी घातलेले होते, भांड्यांवर अण्णांचं नाव होतं, आम्हा पोरींच्या नावापुढेही त्यांचंच. आई माहेराहून आली ती नावसुद्धा तिथे ठेवून आली होती. ही तिकिटं तेवढी तिची होती. ती तिनं कुणाकडे मागितली नव्हती आणि कुणाला हवीही नव्हती.

कापडावरून तिकीट सोडवणं हे हलक्या हाताचं काम. भात शिजत आला की आई झाकण जरासं सरकवायची आणि तुकडा वाफेवर धरायची. फार जवळ धरला तर रंग जातो, लांब धरला तर डिंक सुटत नाही. तो सुटायला आला की कागद किंचित श्वास घेतल्यासारखा फुगायचा. मग ती बांबूची पातळ कांब कडेनं आत सरकवायची आणि गप्प बसायची. त्या वेळी तिच्याशी कुणी बोललेलं तिला चालत नसे. सुटलेलं चित्र पाटावर पालथं, त्यावर जुन्या धोतराचं फडकं, त्यावर दुसरा पाट आणि वर वरवंटा. त्या दिवशी चटणी मिळायची नाही.

वाळलेली तिकिटं डब्यांत जायची. बिस्किटांचे पत्र्याचे डबे माझा मामा मुंबईहून आणून द्यायचा. एका डब्यात देव, एकात देवी. वेगळे का, तर पुरुषांत पुरुष आणि बायकांत बायका बऱ्या, असं आई म्हणायची. एकात हत्ती, वाघ, मोर. एकात राण्या, मडमा आणि पऱ्या. फुलं आणि नुसत्या नक्षीच्या पट्ट्या चपट्या डब्यात. फाटलेली, अर्धवट निघालेली तिकिटं एका बोळक्यात. ती टाकायची नाहीत. एखाद्याचा हात गेलेला असेल तर त्याला तिथून हात मिळायचा, एखादीला मुकुट. आमच्याकडे एका पार्वतीला मडमेची पावलं होती, बुटांसकट.

आणि मग पावसाळा. बाकीच्या बायका पावसाळ्यात पापड, मिरच्या, गोवऱ्या सांभाळतात. आई ते सगळं सांभाळून वर कागद सांभाळायची. प्रत्येक डब्याच्या तळाशी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी. ओल घ्यायची ती तांदळानं, कागदानं नाही. तांदूळ मऊ पडले की ते कांजीत जायचे आणि नवे भाजून आत यायचे. कसर येऊ नये म्हणून वेखंडाची पूड, पण ती कागदाला लागता कामा नये म्हणून निराळ्या चिंधीत. झाकणाच्या फटीला मेण. डबे फडक्यांत गुंडाळून चुलीवरच्या माळ्यावर, सुपाऱ्यांच्या शेजारी. श्रावणात उघडीप मिळाली की ती एक डोळा आभाळाकडे ठेवून डबे खाली काढायची. ऊन थेट दाखवायचं नाही, पडवीच्या कडेला जिथे ते जमिनीवरून परत उठतं तिथे तिकिटं मांडायची. सगळी पडवी देवांनी, वाघांनी आणि मडमांनी भरून जायची. आम्ही मुली कडेकडेनं चालायचो. सर आली की आई अशी धावायची, की दोरीवरच्या कपड्यांसाठी तिला कधी तसं धावताना मी पाहिलं नाही.

ती चित्रं लावायची कशात, हेही ठरलेलं होतं. कापडाचे नमुने काढून घेतलेलं एक जाड पानांचं बाड अण्णांनी टाकून दिलं होतं. ते तिनं पुसून, उन्हात ठेवून, पानापानांत कडुनिंबाचा पाला घालून ठेवलं होतं. पण लावायला हात काही धजत नव्हता. सगळी जमू देत, म्हणायची. एकदा चिकटवलं की जागा बदलता येत नाही, म्हणायची. कुठल्या पानावर कोण बसणार हे ती दर पावसाळ्यात नव्यानं ठरवायची आणि मला सांगायची. मी तेरा-चौदा वर्षांची होते आणि मला तिचा राग यायचा. लाव की एकदाची, असं मी म्हणायची. शेवटी त्या वर्षी तिनं ठरवलं की गणपती झाले की बसायचं. खळीत घालायला मोरचूदसुद्धा आणून ठेवला.

ते साल मिठाच्या सत्याग्रहाचं.

अण्णांनी उन्हाळ्यात नेहमीसारखा माल भरला होता. विलायती, भरपूर, अगदी माडीच्या तुळयांपर्यंत. मग आमचा समुद्र बंद झाला आणि जगात मात्र काय काय सुरू झालं. आषाढात अण्णा कामाला म्हणून माणगावला गेले आणि उतरलेल्या चेहऱ्यानं परत आले. तिथे पोरं दुकानादुकानांतून फिरत होती, विलायती गठ्ठ्यांना सील लावत होती, चौकात कापडाची होळी झाली होती. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला लोकांनी दुकानाच्या पायरीवर बसवून प्रश्न विचारले होते. गणपती झाले, वाटा थोड्या सुकल्या की ती पोरं खाडीकडे येणार, हे नक्की होतं. माल परत पाठवावा तर मचवे बंद. जाळावा, हा विचार अण्णांच्या मनात आला नसावा. आला असला तर घरात कुणाला दिसला नाही.

अण्णा वाईट नव्हते. वाईट माणसाशी भांडता येतं. ते आम्हाला कधी ओरडले नाहीत, कुणाला मापात फसवलं नाही, दारी आलेल्याला उपाशी घालवलं नाही. त्यांना फक्त गावात मान खाली घालायची नव्हती आणि नुकसानही सोसायचं नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमवायच्या तर तिसऱ्या कुणाचं तरी काहीतरी जायला लागतं, आणि ती तिसरी व्यक्ती बहुतेक स्वयंपाकघरात असते.

माणगावहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दुकानाच्या फळ्या लावल्या, एक गठ्ठा स्वतः उचलून आत आणला आणि आईला सांगितलं की याची तिकिटं तुझ्या पद्धतीनं काढ, कापडावर डाग राहता कामा नये. आई आधी खुळ्यासारखी त्यांच्याकडे बघत राहिली. तागा न संपता तिकीट मिळतं, हे तिला नवीन होतं. मग तिनं चुलीवर मोठं पातेलं चढवलं. त्यानंतर रोज दुपारी आमच्या घरात वाफ. मी ताग्याची घडी धरायची, आई कांब चालवायची, अण्णा कडेवरची गिरणीच्या नावाची शाईची मोहर कात्रीनं बारीक कापून टाकायचे. बाहेर पाऊस, आत वाफ, भिंतींना घाम. मला ते दिवस मजेचे वाटले, हे मी लपवत नाही. आईनं कधी न पाहिलेली चित्रं त्या गठ्ठ्यांतून निघाली. एका तिकिटावर शेषावर झोपलेला विष्णू होता आणि शेषाचा एकेक फणा निराळ्या हिरव्या रंगाचा होता. ते सुटलं तेव्हा आई हसली. डबे पुरेनात, म्हणून तिनं लोणच्याची बरणी रिकामी केली.

तिकीट निघालेल्या ताग्यांना अण्णा बोडके म्हणायला लागले. आज किती बोडके झाले, बोडके उजवीकडच्या फळीवर ठेव, असं. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा आईचा हात थांबला. सवाष्णीच्या घरात दिवसातून इतक्या वेळा तो शब्द नको, असं ती हळू आवाजात म्हणाली. अण्णा हसले आणि बरं म्हणाले. दोन दिवस त्यांनी पाळलं, मग पुन्हा तेच. दुकानाच्या भाषेला कुठे हळदकुंकू असतं, असं त्यांचं म्हणणं. मला आजही कोरा मांजरपाट फळीवर रचलेला दिसला की तोच शब्द आठवतो आणि मी दुकानाबाहेर येते.

सगळे तागे कोरे झाले. मांचेस्टरचा माल आता कुठलाही माल होता. सोलापूरचा म्हणा, मुंबईच्या गिरणीचा म्हणा. अण्णांनी तो तसाच म्हणायचं ठरवलं होतं. मग त्यांची नजर माळ्यावर गेली.

या वर्षीची तिकिटं तर होतीच, पण मागच्या कित्येक वर्षांचीही होती. कुणी पोरगा घरात पाणी प्यायला आला, डबा उघडला, तर दुकानाचा सगळा इतिहास त्यात रंगीत छापलेला. अण्णांनी आईला हे शांतपणे समजावलं. ठेवायची तर सोय नाही. आईनं विचारलं की जाळायची का, आणि अण्णा दचकले. त्यांनी कानाला हात लावला. देवांच्या तसबिरी जाळायच्या हे त्यांच्या हातून झालं नसतं. विलायती कापड स्वदेशी म्हणून विकायला त्यांना शास्त्राची आडकाठी नव्हती, पण लक्ष्मी चुलीत घालायला होती. त्यांनी मधला मार्ग काढला. गौरी-गणपतींबरोबर विसर्जन करायचं. रीतसर, अक्षता घालून.

आईनं वर माळ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "हत्ती आणि वाघ तरी राहू देत. ते काही देव नाहीत."

"हत्ती गणपतीचा, वाघ देवीचा," अण्णा म्हणाले.

"आणि फुलं?"

"फुलं देवालाच वाहतात."

मडमांचं काय, हे तिनं विचारलं नाही. मी विचारणार होते, तर तिनं माझ्याकडे बघितलं.

त्या दिवशी ती डबे घेऊन बसली. तिनं तांदळाच्या पुरचुंड्या बाहेर काढल्या, वेखंडाच्या चिंध्या काढल्या, बोळक्यातले हात आणि मुकुटसुद्धा काढले. सगळ्यांना हळदकुंकू लावायचं होतं. इतकी वर्षं ज्या कागदावर तिनं पाण्याचा थेंब पडू दिला नव्हता, त्यावर ती ओलं कुंकू लावत होती आणि बोटाच्या ठशाखाली कागद मऊ पडत होता. दुसरं कुणी हे करू शकलं असतं. अण्णांनी तिलाच सांगितलं, कारण घरची सवाष्ण तीच. मला तेव्हा अण्णांचा इतका संताप आला, की मी त्यांच्या पानात मीठ वाढलंच नाही. त्यांनी ते मागून घेतलं, एवढंच झालं.

शाळेत मी मुलींना सांगते की कागदाचे शत्रू म्हणजे ओल, ऊन, कसर, वाळवी. मुली ते पाटीवर उतरून घेतात. यादी तिथे संपत नाही, पण पुढचं मी सांगत नाही. त्या अजून लहान आहेत, आणि बहुतेकींना ते आपोआप कळणार आहे.

गौरी जायच्या दिवशी गाव तिन्हीसांजेला धक्क्यावर जमायचं. ओहोटी लागली की मूर्ती सोडायच्या म्हणजे पाणी त्यांना घेऊन जातं, हे आमच्याकडे लेकरालाही ठाऊक. पण त्या वर्षी अण्णांना आपलं तिकिटांचं गाठोडं गर्दीला दाखवायचं नव्हतं. ते ऊन असतानाच निघाले. भटजींना पुढे घातलं, गणपती डोक्यावर, गाठोडं आमच्या गड्याच्या हातात. बायका पाण्यावर जायच्या नाहीत, म्हणून आई दारातच राहिली. मी परकरी पोर, म्हणून गेले. भरती अजून चढत होती. गडी म्हणाला, शेट, गाठोड्यात एखादा धोंडा बांधू का, कागद हाय, तरंगल. अण्णा त्याच्यावर रागावले. देवाच्या गळ्यात धोंडा बांधतोस, असं म्हणाले. उलट देव कोंडू नयेत म्हणून त्यांनी स्वतः गाठ सोडली. भटजींनी मंत्र म्हटला, पुन्हा या म्हणून अक्षता टाकल्या, आणि सगळी तिकिटं पाण्यावर पसरली. उतरतं ऊन होतं. सोनेरी कडा सगळ्या एकदम चमकल्या. आमच्या घरात त्या चित्रांना एवढा उजेड कधी मिळाला नव्हता. बुडालं त्यातलं काहीच नाही. ती सगळी हळूहळू, एकमेकांना धरून, समुद्राकडे न जाता खाडीच्या आत निघाली, कोळीवाड्याच्या बाजूला. अण्णा घाईनं पाठ फिरवून निघाले, विसर्जनानंतर मागे बघू नये म्हणतात.

मी मागे बघितलं. घरी येऊन मात्र आईला काही सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. रिकामे डबे तिनं घासून पालथे घातले होते आणि त्या बाडाचा तांदळाच्या पेटीखाली टेकू केला होता. पेटी किती तरी दिवस डगमगत होती, आता ती स्थिर झाली.

काही दिवसांनी पोरं आली. टोप्या घातलेली, चिखलानं भरलेली, चालून चालून दमलेली. खरं सांगायचं तर चांगली पोरं होती. त्यांनी ताग्यांवरून हात फिरवला, कुठे छाप नाही, मोहर नाही हे पाहिलं, आणि अण्णांना नमस्कार केला. अण्णांनी वाळवी लागलेला एक जुना गठ्ठा स्वतःहून होळीला काढून दिला. माझ्याकडे एवढाच राहिला होता, असं म्हणाले. चहा झाला, पोहे झाले. पोरांचा म्होरक्या म्हणाला की प्रत्येक गावात असा एक व्यापारी असता तर. आई माजघराच्या दाराआड उभी राहून ते ऐकत होती आणि मी तिच्या मागे.

तेवढ्यात हिराबाय आली. ती कोळीवाड्यातली, आमची जुनी गिऱ्हाईक. दरवर्षी गणपती झाले की लुगडं न्यायची. पोरं बसलेली बघूनही ती संकोचली नाही. तिनं पदराची गाठ सोडली आणि आतून चार-पाच कागद काढले. वाळलेले, कडांना मिठाचा पांढरा पापुद्रा आलेले. विष्णू होता. शेषाचे फणे अजून हिरवे होते. तिनं सांगितलं की हे देव भरतीबरोबर तिच्या दाराशी आले, कोळीवाड्यात घरोघरी आलेत, बायकांनी भिंतीला लावलेत. पण तिला वाटलं, की असली चित्रं या दुकानातल्या ताग्यांवर बघितल्यासारखी आहेत, आणि वयनींना त्यांची हौस आहे असं कुणीसं म्हणालं होतं. म्हणून ती घेऊन आली. मनात काही नव्हतं तिच्या.

अण्णांच्या हातातला पेला तसाच राहिला. म्होरक्यानं कागद हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. हिराबायनं दाराकडे बघून विचारलं, "वयनी, तुमची असतील त न्या. माझा काय हट्ट न्हाय."

आई पुढे आली. तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला. विष्णू तिच्यापासून हातभर अंतरावर होता, आणि तिनं त्याच्याकडे बघितलं, मला दिसलं. ती हो म्हणाली असती तर तिची चार-पाच चित्रं परत आली असती आणि अण्णांची अब्रू गेली असती. एवढं सरळ होतं ते. मी मनात म्हणत होते, हो म्हण. आजही म्हणते.

"माझी नाहीत," आई म्हणाली. "आमच्याकडे असली चित्रं कधी नव्हती."

हिराबायला आनंदच झाला. मंग ती माझीच, असं म्हणून तिनं कागद पदरात बांधले. तिनं लुगडं घेतलं, बोडक्या ताग्यातलं, आणि गेली. पोरांच्या चेहऱ्यावरचा संशय उतरला. अण्णांनी चहाचा घोट घेतला. आई आत आली, पातेल्यात पाणी ओतलं आणि मग ते कशासाठी ओतलं हे तिला आठवेना. ती नुसती त्या पाण्याकडे बघत बसली.

मी एकदा कोळीवाड्यात जाऊन आले. सुकट घालायच्या कोठीच्या भिंतीला हिराबायनं विष्णू लावला होता, भाताच्या खिमटानं. त्याखाली पणती होती. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत खाऱ्या हवेनं तो खाल्ला, भिंतीवर हिरवट डाग राहिला आणि हिराबाय त्या डागालाही हात जोडायची. मी आईला हे सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली. आई अजून आहे. पुडीचा दोरा ती गुंडाळून ठेवते, कागद त्याच दिवशी टाकते. आणि अण्णांना मागच्या वर्षी म्हसळ्याच्या सभेत स्वदेशीचे जुने व्यापारी म्हणून हार घातला गेला. मी बायकांच्या बाजूला बसले होते. टाळ्या वाजवल्या, नोकरी आहे मला.

पण हे नंतरचं. त्याच वर्षी समुद्र उघडला, मचवे सुरू झाले आणि दिवाळीच्या आगेमागे अण्णांनी नवा माल आणला. या खेपेला खरोखरच देशी गिरण्यांचा. त्यालाही तिकिटं होती. आमच्या गिरण्यांनी साहेबाकडून तेवढं उचललंच होतं. लक्ष्मी होती, हंस हंसासारखा होता, सिंहावर बसलेली देवी होती. रंग जरा भडक होते, पण चित्र चांगलं होतं. पहिला तागा संपला तसं अण्णांनी तिकीट कापडावरून सोडवून आणलं. आईसारखं जमलं नव्हतं, एक कोपरा फाटला होता, पण आदल्या रात्री स्वतः चुलीशी उभं राहून त्यांनी ते केलं होतं. त्यांना वाईट वाटत होतं, हे मला कळत होतं. त्यांनी ते तिच्यासमोर धरलं आणि म्हणाले, घे, आता ही आपली आहेत, कुणाची भीती नाही.

आईनं तिकीट घेतलं. सकाळची वेळ होती, चूल पेटत नव्हती, लाकडं ओली होती. तिनं त्याची सुरळी केली, दिव्यावर धरली आणि लाकडांखाली सरकवली. अण्णा एकदम पुढे झाले.

"अगं, देवी आहे ती."

"कागद आहे," आई म्हणाली, आणि तिनं फुंकणी उचलली.